पंडित ली मातौ

सोळाव्या शतकात पोर्तुगालहून गोव्याकडे निघणाऱ्या जहाजांतून व्यापारी येत, सैनिक येत आणि धर्मोपदेशकही येत. व्यापाऱ्याला मिरी व दालचिनी हवी असे, सैनिकाला मुलूख हवा असे आणि धर्मोपदेशकाला माणसांची मने जिंकावयाची असत. आपल्याला या देशांतील लोकांपासून काही शिकावयाचे आहे, असे मात्र त्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येई. मातेओ रिच्ची हा त्या थोड्यांपैकी एक होय. प्रारंभी तोही शिकविण्याच्याच हेतूने निघाला होता. परंतु ज्या देशात तो शिकवावयास गेला, त्या देशाने त्याच्या चुका एकामागून एक त्याच्या पदरात घातल्या आणि त्याला पुनःपुन्हा विद्यार्थ्याच्या जागी बसविले.

रिच्चीचा जन्म इटलीतील माचेराता या गावी ६ ऑक्टोबर १५५२ रोजी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. मुलाने कायदा शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे, अशी त्यांची इच्छा होती व त्यासाठी त्यांनी त्याला रोमला पाठविले. मुलाचे मन मात्र कायद्यात रमले नाही. १५७१ साली तो जेझुइट नावाच्या धर्मसंघात दाखल झाला. या संघाच्या रोम येथील विद्यालयात क्लाव्हियस नावाचा थोर गणिती शिकवीत असे. त्याच्या हाताखाली रिच्ची भूमिती, ज्योतिष, नकाशे काढणे व घड्याळे जुळविणे या विद्या शिकला. पुढे या विद्याच त्याच्या उपयोगी पडल्या.

२४ मार्च १५७८ रोजी लिस्बन बंदरातून त्याचे जहाज सुटले आणि जवळजवळ सहा महिन्यांनी, १३ सप्टेंबर रोजी, ते गोव्याला लागले. त्या वेळी वसई व ठाणे ही ठिकाणे पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, तर त्यापलीकडील शहापूर-मुरबाडचा डोंगराळ मुलूख माहुलीच्या किल्ल्यासह अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत असे. उत्तरेत अकबर राज्य करीत होता. रिच्चीबरोबर त्याच वर्षी भारतात आलेला रोदोल्फो आक्वाव्हीव्हा हा पुढे गोव्याहून अकबराच्या दरबारी गेला. स्वतः रिच्ची गोव्याच्या विद्यालयात लॅटिन व ग्रीक शिकवू लागला. मधला काही काळ त्याने कोचीनला काढला व तेथेच १५८० मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

गोव्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञानासारखे उच्च विषय शिकवू नयेत, शिकले की ते गर्विष्ठ होतील, असे मत संघातील काही वरिष्ठांनी धरले होते. रिच्ची तेव्हा अवघा एकोणतीस वर्षांचा होता. तरीही १५८१ साली त्याने रोमला पत्र लिहून या धोरणास स्पष्ट विरोध दर्शविला. विद्येने गर्व चढत असेल तर तो युरोपातील मुलांनाही चढतो, मग त्यांना कोणी शिकवावयाचे थांबवीत नाही, असा त्याचा मुद्दा होता. त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज धर्मगुरूही गोव्यात येऊन पोहोचला होता. त्याने इकडची भाषा आत्मसात करून पुढे मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. परक्या लोकांशी बोलावयाचे तर त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे, हा विचार या मंडळींत नुकताच अंकुरत होता.

१५८२ च्या ऑगस्टमध्ये रिच्ची मकाव येथे पोहोचला. मकाव हे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील छोटेसे बंदर. पोर्तुगीज व्यापाऱ्यांना तेथे राहण्याची मुभा होती; त्यापुढे पाऊल टाकावयाचे तर चिनी अधिकाऱ्यांची परवानगी लागे व ती सहसा मिळत नसे. तेथे त्याच्या आधी तीन वर्षे येऊन राहिलेला मिकेले रुज्जेरी चिनी भाषेशी झगडत होता. त्याला शिकवावयास नीटसा शिक्षकच मिळेना. अखेर एक चित्रकार भेटला. त्याला पोर्तुगीज भाषा फारशी येत नव्हती आणि रुज्जेरीला चिनी येत नव्हती. तेव्हा तो चित्रकार कुंचला घेई, वस्तूचे चित्र काढी, त्याशेजारी त्या वस्तूचे चिनी अक्षर लिही आणि मग त्याचा उच्चार करून दाखवी. या बालबोध पद्धतीने दोन विद्वान मोठ्या वयात धुळाक्षरे गिरवू लागले.

चिनी भाषा शिकणे किती कठीण आहे, हे मराठी मुलाला एका उदाहरणाने समजेल. ‘आला’ हा शब्द आपण साधेपणाने उच्चारतो, तेव्हा ती नुसती माहिती असते. शेवटी आवाज चढविला की प्रश्न होतो. लांबविला की आश्चर्य व्यक्त होते. परंतु कोणत्याही हेलात ‘आला’ म्हणजे ‘आला’च. चिनी भाषेत तसे नाही. तेथे हेल बदलला की शब्दच बदलतो. ‘मा’ हा उच्चार उंच व सपाट स्वरात केला तर त्याचा अर्थ आई, खालून वर चढविला तर ताग, खाली नेऊन पुन्हा उचलला तर घोडा, आणि वरून एकदम खाली सोडला तर शिव्या देणे. ‘माइ’ या शब्दाचा एका हेलात अर्थ विकत घेणे आणि दुसऱ्या हेलात विकणे. बाजारात गेलेल्या परदेशी माणसाची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

त्यात आणखी एक अडचण होती. चिनी लिपीत आपल्यासारखी मुळाक्षरे नाहीत; प्रत्येक शब्दाला स्वतंत्र चिन्ह असते आणि अशी हजारो चिन्हे पाठ करावी लागतात. शिवाय प्रांतोप्रांतीची बोली भिन्न. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या ठाकरवाडीतील किंवा कातकरीवाडीतील मूल शाळेत येते, तेव्हा घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, असा अनुभव त्याला येतो. दक्षिण चीनमध्ये हे अंतर त्याहून कितीतरी मोठे होते. बाजारात एक भाषा चाले, तर कचेरीत अधिकाऱ्यांची दुसरी. अधिकाऱ्यांची भाषा साऱ्या देशभर समजत असल्यामुळे रिच्चीने तिचाच अभ्यास आरंभिला.

या भाषेने त्याचे नावही पालटले. चिनी बोलणाऱ्यांना ‘रि’ हा उच्चार सोयीचा नव्हता. म्हणून ‘रिच्ची’चा झाला ‘ली’. चीनमध्ये आडनाव आधी येते. मातेओचे ‘मातौ’ झाले, आणि इटलीचा मातेओ रिच्ची चीनमध्ये ‘ली मातौ’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

१० सप्टेंबर १५८३ रोजी रुज्जेरी व रिच्ची यांना क्वांगतुंग प्रांतातील चाओछिंग या शहरी राहण्याची परवानगी मिळाली. तेथील अधिकारी वांग फान हा सुस्वभावी गृहस्थ होता. येथेच रिच्चीच्या हातून त्याची पहिली मोठी चूक झाली. ती एका दिवसाची नव्हती. तब्बल बारा वर्षे टिकली.

ही चूक पोशाखाची होती. आपण धर्मगुरू आहोत, तेव्हा या देशातील धर्मगुरूंचा वेष आपण घ्यावा, असा सरळ विचार या दोघांनी केला. जपानमध्ये बौद्ध भिक्षूंना मोठा मान मिळतो, हे त्यांच्या संघाला ठाऊक होते. चीनमध्येही तसेच असेल, असे त्यांनी गृहीत धरले. त्यांनी डोके व दाढी तासली, भिक्षूंची कफनी अंगावर चढविली आणि आपण पश्चिमेकडील ‘थिएनचू’ देशाचे भिक्षू आहोत, असा परिचय ते देऊ लागले. हे थिएनचू म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आपला भारत देश होय! बौद्ध धर्म ज्या दिशेने आला, त्याच दिशेने हे दोघे आले, असे लोकांना वाटले. वांग फानने त्यांच्या घरासाठी मोठ्या प्रेमाने दोन फलक लिहून दिले. त्यांतील शब्दही बौद्ध मंदिराला शोभतील असेच होते.

आपल्याकडे संन्याशाची वस्त्रे पाहून राजाही उठून उभा राहतो, अशा कथा आपण ऐकतो. परंतु तेव्हाच्या चीनमध्ये मान होता तो विद्वानाला. कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करून, कठीण राजपरीक्षा उत्तीर्ण होऊन जो अधिकारी होई, त्याच्यापुढे भिक्षू सामान्य माणूस ठरे. भिक्षूने अधिकाऱ्यापुढे गुडघे टेकावयाचे, त्याच्या बरोबरीने बसावयाचे नाही. म्हणजे ज्या लोकांशी रिच्चीला विद्येच्या गोष्टी बोलावयाच्या होत्या, त्यांच्या दिवाणखान्याचे दार त्याच्याच कफनीने बंद केले होते. आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

लहानसहान चुका तर रोजच्याच होत्या. घरात दर्शनी जागी त्यांनी येशूच्या मातेचे तैलचित्र लावले. पाहावयास येणारे लोक नम्रतेने वाकून नमस्कार करीत. थोड्याच दिवसांत गावभर वार्ता पसरली की, या परदेशीयांचा देव म्हणजे एक स्त्री आहे. ते ऐकून त्यांनी ते चित्र काढले व त्या जागी ख्रिस्ताचे चित्र लावले. घराशेजारी एक उंच मनोरा बांधला जात होता. तेथून मुले त्यांच्या छपरावर धोंडे टाकीत. एके दिवशी नोकराने धावत जाऊन एका मुलाला पकडले व घरात ओढून आणले. गयावया केल्यावर त्याला लगेच सोडून दिले. परंतु परदेशीयांनी मुलाला औषध पाजून तीन दिवस लपविले व ते त्याला मकावला नेऊन विकणार होते, अशी फिर्याद झाली. मोठा बाका प्रसंग होता. साक्षीपुराव्याने ती फिर्याद खोटी ठरली आणि फिर्यादीला फटक्यांची शिक्षा झाली, तेव्हा रिच्चीने त्याच्यासाठी गुडघे टेकून दयेची याचना केली. परक्या गावात शेजाऱ्याचे मूल हात धरून घरात आणणे म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी समजले.

नकाशाची हकीकत याहून मौजेची आहे. भिंतीवर युरोपात छापलेला जगाचा नकाशा टांगलेला होता. तो पाहून चिनी विद्वान बुचकळ्यात पडत. त्यांच्या देशाचे नाव ‘चुंगकुओ’, म्हणजे मध्यदेश. प्राचीन काळी आपल्याकडेही गंगायमुनेच्या प्रदेशाला मध्यदेशच म्हणत असत. प्रत्येकाला आपले गाव जगाच्या मध्यभागी दिसते. या नकाशात मात्र मध्यदेश कोठेतरी उजव्या कडेला जाऊन पडला होता. कोणी हसले, कोणाला तो आपला अपमान वाटला. रिच्चीने वाद घातला नाही. पृथ्वी गोल आहे, मग तिचा नकाशा कोणत्याही रेषेपासून कापता येतो, हे क्लाव्हियसच्या शिष्याला सांगावयास नको होते. १५८४ मध्ये त्याने चिनी अक्षरांत नवा नकाशा काढला. त्यात चीन जवळजवळ मध्यभागी आणला, आणि तरीही एकाही देशाचे स्थान खोटे दाखविले नाही. नकाशाच्या प्रती निघाल्या, हातोहात गेल्या. त्यातून लोकांना एक नवी गोष्टही कळली: हे पाहुणे ज्या देशातून आले, तो इतका दूर आहे की, तेथून कोणी स्वारी करील ही भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही.

याच काळात रुज्जेरी व रिच्ची यांनी एक शब्दकोश रचावयास घेतला. पानावर तीन रकाने होते. पहिल्यात पोर्तुगीज शब्द, दुसऱ्यात चिनी शब्दाचा उच्चार रोमन अक्षरांत व तिसऱ्यात चिनी चिन्ह. सहा हजारांवर पोर्तुगीज शब्द त्यांनी जमविले. मागाहून येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांना चिनी शिकविण्यासाठी केलेला हा फार मोठा उद्योग होता. परंतु त्यात एक उणीव राहून गेली. मधल्या रकान्यात ‘मा’ लिहिले होते. ती आई की घोडा, हे उच्चारावरून कळण्यास मार्ग नव्हता. तसेच ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘च’ आणि ‘छ’ यांतील भेदही त्यांनी दाखविला नव्हता. मराठी मुलाला हा भेद पहिल्या इयत्तेतच कळतो. इटालियन भाषेत तो नसल्यामुळे या विद्वानांच्या कानांना तो चटकन पकडता आला नाही. आपण ज्याला चहा म्हणतो, त्याला चिनी माणूस ‘छा’ म्हणतो. कोशावरून शिकणारा बिचारा ‘चा’ म्हणून मोकळा होई.

१५८९ साली नव्या सुभेदाराने त्यांना चाओछिंग सोडून जाण्यास सांगितले. घराबद्दल तो थोडे पैसे देत होता, ते रिच्चीने घेतले नाहीत. त्याने उत्तरेकडील शाओचौ येथे बिऱ्हाड हलविले. तेथील हवा मानवणारी नव्हती. नवे तरुण सहकारी येत. रिच्ची त्यांना चिनी शिकवी, कन्फ्यूशियस पंथाच्या चार मुख्य ग्रंथांचे लॅटिन भाषांतर करून त्यावरून धडे देई. दोन वर्षांच्या अंतराने असे दोन शिष्य तापाने त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावले. १५९२ मध्ये एका रात्री घरावर दरोडा पडला. झटापटीत रिच्चीच्या हाताला कुऱ्हाडीचा घाव लागला व खिडकीतून उडी टाकताना पाय असा मुरगळला की, तो पुढे आयुष्यभर लंगडत चाले. दरोडेखोर सापडले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीही त्यानेच खटपट केली.

येथेच त्याला छू थाइसू भेटला. हा एका मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा, बुद्धिमान परंतु उधळ्या. या परदेशीयांना पाऱ्यापासून चांदी करण्याची किमया अवगत आहे, अशी आवई होती. ती शिकण्याच्या आशेने तो रिच्चीकडे आला. किमया नव्हतीच. तिच्याऐवजी रिच्चीने त्याला अंकगणित व भूमिती शिकविली, आणि गंमत अशी की, त्याला त्याचीच गोडी लागली. शिष्याने गुरूला गुरुदक्षिणा दिली ती सल्ल्याच्या रूपाने. ही कफनी टाका, केस व दाढी वाढवा, विद्वानाचा पोशाख घाला आणि विद्वान म्हणूनच लोकांपुढे या, असे त्याने सांगितले. बारा वर्षे जे कोणी सांगितले नव्हते, ते एका विद्यार्थ्याने सांगितले.

रिच्चीने आपल्या वरिष्ठांची संमती मागविली. ती मिळाल्यावर १५९५ मध्ये तो उत्तरेकडे निघाला, तेव्हा छातीवर रुळणारी दाढी, अंगात जांभळ्या रेशमाचा पायघोळ झगा व त्याला निळी किनार, असा त्याचा थाट होता. मान मिळण्यापूर्वी मात्र आणखी एक घाला सोसावा लागला. वाटेत नदीच्या जोरदार प्रवाहात नाव उलटली. रिच्चीला पोहता येत नव्हते. हाताला नावेचा दोर लागला म्हणून तो वाचला. त्याचा तरुण सोबती बुडाला, त्याचा देहदेखील हाती लागला नाही. नानकिंगने त्याला थारा दिला नाही. मागे फिरून तो नानचांग या विद्वानांच्या नगरीत आला.

नानचांगमध्ये नवा पोशाख आणि त्याहूनही त्याची स्मरणशक्ती यांची कीर्ती झाली. चारपाचशे चिनी अक्षरे वाटेल तशी लिहून दिली तरी एकदा वाचून तो ती क्रमाने म्हणून दाखवी, मग उलट क्रमानेही म्हणे. याची युक्ती तो अशी सांगे: मनात एक मोठा वाडा उभारावा, त्याची ओसरी, माजघर, कोठीघर असे एकेक दालन डोळ्यांपुढे आणावे आणि जे स्मरणात ठेवावयाचे, त्याचे एकेक चित्र एकेका दालनात ठेवीत जावे. प्रांताच्या सुभेदाराचे तीन मुलगे राजपरीक्षेची तयारी करीत होते. त्यांच्यासाठी रिच्चीने या विषयावर चिनी भाषेत पुस्तकच लिहून दिले. थोरल्या मुलाने ते लक्षपूर्वक वाचले व नंतर अभिप्राय दिला की, नियम सारे खरे आहेत, पण ते वापरावयास मुळातच उत्तम स्मरणशक्ती असावी लागते! मैत्रीवरील त्याचे छोटे पुस्तक मात्र सर्वांना आवडले. युरोपातील जुन्या ग्रंथकारांची मैत्रीविषयीची वचने त्याने त्यात चिनी भाषेत मांडली होती. त्यात उपदेश नव्हता, वाद नव्हता. परका माणूस मित्र म्हणून काय म्हणतो, एवढेच होते.

१५९८ मध्ये तो प्रथमच राजधानी पेकिंग, म्हणजे आजचे बीजिंग, येथे पोहोचला. जपानने कोरियावर स्वारी केल्यामुळे त्या वेळी चीनही युद्धात गुंतला होता. परदेशीयाला घरात घेण्यास कोणी धजेना. दोन महिन्यांनी हात हलवीत परत फिरावे लागले. परतीची वाट कालव्यातून होती. नाव रडतखडत चालली होती, थंडी वाढत होती, दुसरे काही काम नव्हते. रिच्चीने शब्दकोशाचे जुने दुखणे बाहेर काढले. त्याच्याबरोबर काताने नावाचा इटालियन सहकारी होता; त्याला संगीताचा चांगला कान होता. सेबास्त्याँव फर्नांदिश हे ख्रिस्ती नाव घेतलेला एक चिनी सहकारीही होता व चिनी भाषा त्याची स्वतःचीच. चिनी माणसाने शब्द उच्चारावा, काताने याने गाण्याचा स्वर ओळखावा तसा त्याचा हेल ओळखावा आणि रिच्चीने लिहावे, असे काम चालले. अभ्यासाअंती त्यांनी पाच हेल निश्चित केले, प्रत्येकासाठी एकेक खूण ठरविली व ‘त’चा ‘थ’ करणाऱ्या श्वासालाही वेगळी खूण दिली. यापुढे सर्वांनी याच खुणा वापराव्यात, कोणी आपल्या मनाप्रमाणे लिहू नये, असा नियम रिच्चीने घालून दिला. पंधरा वर्षांपूर्वीची उणीव अशी एका नावेत बसून भरून निघाली. पेकिंगची खेप फुकट गेली असे म्हणणारे म्हणोत. चिनी शिकणाऱ्या पुढच्या कित्येक पिढ्यांना ती लाभली.

१६०० मध्ये सम्राटासाठी नजराणा घेऊन तो पुन्हा निघाला. त्यात दोन घड्याळे होती, तारांचे वाद्य होते, चित्रे होती. वाटेत मा थांग नावाच्या लोभी राजसेवकाने त्याला अडवून ठेवले. सामानाची झडती घेताना त्याला क्रूसावर खिळलेल्या ख्रिस्ताची रक्ताने माखलेली लहानशी मूर्ती सापडली. ज्याने पूर्वी असे काही पाहिलेच नाही, त्याला ती पाहून काय वाटेल? सम्राटाला मारण्यासाठी आणलेले हे जादूटोण्याचे साधन आहे, अशी मा थांगने आरोळी ठोकली. ज्या वस्तूवर रिच्चीची सर्वांत अधिक श्रद्धा होती, तीच त्याच्या गळ्याचा फास होऊ पाहत होती. थंडीचे महिने त्याने पहाऱ्यात काढले. सुटका झाली ती घड्याळामुळे. आपोआप वाजणाऱ्या घंटेविषयी सम्राट वान-ली याने पूर्वी ऐकले होते, ते अद्याप का आले नाही असे त्याला एके दिवशी आठवले. २४ जानेवारी १६०१ रोजी रिच्ची पेकिंगमध्ये शिरला.

सम्राटाने त्याला कधीच भेट दिली नाही. परंतु घड्याळाला चावी द्यावयास कोणीतरी हवे होते. राजवाड्यातील चार सेवक रिच्चीकडे शिकावयास आले. त्यांना तीन दिवसांची मुदत होती आणि चूक झाली तर धडगत नव्हती. ते प्रत्येक शब्द लिहून घेत. घड्याळांची देखभाल करण्याच्या निमित्ताने रिच्चीला राजधानीत कायम राहता आले. १६०२ मध्ये ली चित्साओ या विद्वानाच्या साह्याने त्याने जगाचा आणखी मोठा नकाशा छापला. सहा पट्ट्यांचा तो नकाशा पसरला की, सुमारे बारा फूट रुंद होई.

त्याचा सर्वांत गुणी विद्यार्थी व मित्र म्हणजे श्यू क्वांगछी. शांघायचा हा विद्वान राजपरीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झाला होता. युक्लिडची भूमिती चिनी भाषेत आणावयाची, असे दोघांनी ठरविले. रिच्चीने लॅटिन प्रतीवरून तोंडी अर्थ सांगावा, श्यूने तो शुद्ध चिनीत लिहावा, पुन्हा वाचावा, पुन्हा पालटावा. असे रोज चाले. चिनी भाषेत पूर्वी नसलेल्या कल्पनांना शब्द शोधावे लागले. बिंदू, रेषा, पृष्ठ यांसाठी त्यांनी तेव्हा योजलेले शब्द चिनी विद्यार्थी आजही वापरतात. पहिले सहा भाग १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. यात गुरू कोण व शिष्य कोण, हे सांगणे अवघड आहे.

चिनी लोक पितरांच्या नावाच्या पाटीपुढे धूप लावतात, अन्न ठेवतात, वाकतात. रिच्चीचे काही सहकारी याला मूर्तिपूजा म्हणत. आपल्याकडील श्राद्धपक्ष पाहून एखादा परदेशीय असेच काहीतरी बोलून गेला असता. रिच्चीने घाई केली नाही. ग्रंथ वाचले, लोकांना विचारले आणि हा मृतांविषयीचा आदर आहे, तो बंद करण्याचे कारण नाही, असा निर्णय दिला. त्याच्या मृत्यूनंतर याच प्रश्नावर युरोपात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद माजला व निर्णय त्याच्या मताविरुद्ध गेला.

सर्वच चुका त्याला उमगल्या असे नाही. भिक्षूंचा वेष टाकल्यावर बौद्ध धर्माविषयी तो फार कठोर बोलू लागला. जितक्या आस्थेने त्याने कन्फ्यूशियसचे ग्रंथ वाचले, तितक्या आस्थेने बौद्धांचे वाचले नाहीत. त्याने शिकविलेल्या ज्योतिषात पृथ्वी स्थिर होती व सूर्य तिच्याभोवती फिरत होता. आकाश घन कवचांचे नसून पोकळ आहे, असे काही चिनी पंडित मानीत. त्याला त्याने चुकीचे ठरविले. त्या बाबतीत चिनी पंडितच सत्याच्या अधिक जवळ होते.

पेकिंगमध्ये त्याचे घर म्हणजे विद्वानांचा राबता झाला. परीक्षेसाठी देशभरातून येणारे उमेदवार त्याला भेटल्यावाचून परतत नसत, आणि चिनी शिष्टाचाराप्रमाणे प्रत्येकाची परतभेट घेणे भाग असे. दमणूक वाढली. ११ मे १६१० रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. परदेशीयाला राजधानीत पुरण्याची प्रथा नव्हती. त्याच्या सहकाऱ्यांनी चिनी मित्रांच्या साह्याने अर्ज केला आणि सम्राटाने शहराच्या पश्चिम वेशीबाहेर जागा दिली. ‘ली मातौ’ हे नाव कोरलेली त्याची समाधी तेथे आजही आहे.

श्यू क्वांगछी त्या वेळी राजधानीत नव्हता. १६०७ मध्ये त्याचे वडील वारले व प्रथेप्रमाणे तो सुतकासाठी शांघायला गेला होता. युक्लिडचे उरलेले नऊ भागही लगेच करावेत, असा त्याचा आग्रह होता. आधी हे सहा लोकांना पचू द्यावेत, असे रिच्चीचे मत पडले होते. ते नऊ भाग चिनी भाषेत यावयास एकोणिसावे शतक अर्धे उलटावे लागले.